पुलाच्या निबंधाची सुरुवात

"अहो, उठा! माझ्या चष्म्यावर बसलाय तुम्ही!"

त्यांची ओळख झाली ती अशी. ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून ती ज्याला-त्याला निबंध सुधारून द्यायची. सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणायचे. हा इंजिनिअरिंगचा उंच, विस्कटल्या केसांचा मुलगा तिच्याकडे मदत मागायला आला होता, आणि आल्या आल्या हा पराक्रम!

"आता मी वाचू कशी? वाचा तुम्हीच," ती फणकारली.

दूर देशातल्या विद्यापीठाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती. 'मला पूल का बांधायचे आहेत' या निबंधावर निवड होणार होती. त्यानं घसा खाकरला. "अनादी काळापासून मानव नद्या ओलांडत आला आहे..."

"बापरे! अनादी काळापासून? परीक्षकांना संध्याकाळी घरी जायचं असतं हो!"

तो खळखळून हसला. चष्म्याशिवाय तिला ते हसू नीट दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. आणि काय सांगावं — तेवढ्यानं तिचा राग कुठल्या कुठे पळाला. आज इतक्या वर्षांनी त्या दुपारी आठवल्या, की तिला आधी आठवतो तो त्याचा आवाजच.

चष्मा दुरुस्त होऊन येईपर्यंत तो रोज आला. चष्मा आल्यावरही येतच राहिला. रोज नवी सुरुवात... कधी पुलाची व्याख्या, कधी सुभाषित, कधी 'आजच्या धावपळीच्या युगात'. ती एकेक उडवून लावायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"ठेव ते कागद," एकदा ती वैतागून म्हणाली. "पूलच का? मला सांग. परीक्षकांना नको."

त्यानं कागद बाजूला सारले. "लहानपणी आमच्याकडचा पूल वाहून गेला. आई नर्स, ती पलीकडच्या दवाखान्यात अडकली. संध्याकाळी काठावर येऊन हात हलवायची. धाकटी बहीण विचारायची — आई दिसते, मग येत का नाही?"

तिला लगेच कळलं. हीच ती सुरुवात! हे वाचून त्याला कोण नाही म्हणणार? आणि निवड झाली, की हा गेलाच. 'सुभाषितच बरं होतं रे' — शब्द अगदी ओठांवर आले होते.

"बहिणीच्या प्रश्नापासून सुरू कर," ती म्हणाली. "व्याख्या-बिख्या काही नको."

निवड झाली. होणारच होती.

"खूश आहेस ना?" त्यानं विचारलं.

"न व्हायला काय झालं!" पण आवाजानं दगा दिलाच.

"मास्तरीणबाई, तू त्या दिवशी खोटं बोलली असतीस, तर मी इथंच राहिलो असतो."

"म्हणूनच तर बोलावंसं वाटलं होतं..."

तो बघतच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तू इथं राहिला असतास रे, पण मन तिकडेच. असा अर्धामुर्धा तू मला नको होतास."

त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"दोन वर्षं... थांबशील?"

तिनं मान हलवली.

"हे हो, की नाही?"

"हो रे वेड्या, हो!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली, की सगळं ग्रंथालय वळून बघायला लागलं. ग्रंथपालकाका तरातरा उठले, टेबलापर्यंत आले, दोघांचे डोळे भरलेले पाहिले, आणि काहीही न बोलता शेजारचं कपाट पुसायला लागले.