सामाईक अवयव

शाळेच्या दाखल्यापासून धरणाचे दरवाजे उघडण्याच्या हुकमापर्यंत सगळा कारभार तेव्हा सहीसंख्येवर चाले. प्रत्येक माणसाला सहाशे अंकी एक संख्या मिळे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या संख्यांचा, तो गुणाकार. गुणाकार जगजाहीर, ते दोन अवयव मात्र मालकाच्या अंगठ्यात बसवलेल्या चिपमध्ये बंद. ते ठाऊक असल्याशिवाय सही उमटत नसे, आणि सहाशे अंकांतून ते फोडून काढायला जगातल्या सगळ्या यंत्रांना सूर्य विझेपर्यंतचा काळही पुरला नसता.

म्हणून तर ओवीने नवऱ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मल्हार सावर्डेकर धरणावर अभियंता होता. नऊ वर्षांपूर्वी भर पुरात दरवाजे उघडले गेले आणि खालच्या वस्तीतली एकोणीस माणसं वाहून गेली. हुकमावर मल्हारची सही होती. "मी नाही गं केली," तो रडून रडून सांगत राहिला. गणिती डॉ. तस्नीम मुजावर यांनी न्यायालयात साक्ष दिली, की ही सही दुसऱ्या कुणाला करता येणं अशक्य आहे.

आज त्याच तस्नीमबाई ओवीच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. समोरच्या चहावर साय धरली होती.

"मसावि आठवतो?" त्यांनी विचारलं.

"शाळेतला? मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, बाकी उरेल तिने पुन्हा लहान संख्येला..."

"तोच. एकटी संख्या फोडता येत नाही. पण दोन माणसांच्या संख्यांत एक अवयव सारखा निघाला, तर मसावि तो क्षणात बाहेर काढतो. मग दुसरा साध्या भागाकाराने मिळतो. असं कधी होईल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं. पण मल्हाररावांना संख्या मिळाली त्या वर्षी संख्या बनवणारं यंत्र बिघडलं होतं, त्याच त्या मूळ संख्या पुन्हा पुन्हा निघत होत्या. मल्हाररावांचा एक अवयव सोलापूरच्या एका रोपवाटिकावालीच्या संख्येत आहे. काल मी स्वतः मल्हाररावांची सही करून पाहिली." बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. "उमटली."

ओवीने ओट्याची कड घट्ट धरली. खटल्यानंतर तुरुंगातल्या दर भेटीत ती मल्हारला म्हणायची, कबूल करून टाक, मन हलकं होईल. तिसऱ्या वर्षी त्याने कबूल केलं. त्यानंतर ती भेटायला गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघी तुरुंगात गेल्या. जाळीपलीकडे बसलेल्या मल्हारचे केस पार पिकले होते. त्याने तस्नीमबाईंचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाही मॅडम, सही मीच केली. पाऊस कोसळत होता. टेबलावर डबा उघडा होता, भेंडीची भाजी. मी अंगठा टेकवला. काच गार लागली. लख्ख आठवतंय मला."

ओवीला पक्कं आठवत होतं, त्या दिवशी डबा घरीच राहिला होता.

"तू नाही केलीस रे! मीच चुकले, मल्हार!"

त्याने तिच्याकडे घाबरून पाहिलं.

"असं नको म्हणूस, ओवी," तो म्हणाला. "किती कष्टाने आठवलंय मी ते."