माणसाचा वास

तळमाळच्या डोंगरात माणसाच्या अंगाला वास उरला नव्हता. दिवसभर काजूच्या बागेत राबलेल्या गड्याचा सदरा नाकाशी धरला तरी कोऱ्या कापडासारखा लागे. कुत्री धन्यावरच भुंकत, म्हशी धार काढू देत नसत, आणि लोक हे सगळं हसण्यावारी नेत. का नेणार नाहीत? सरत्या हंगामात माकडतापानं एकही माणूस दगावला नव्हता. त्याआधी दर उन्हाळ्यात नाकातोंडातून रक्त जाऊन धडधाकट माणसं आठवड्यात संपत.

ही किमया डॉ. शर्वरी तेंडोलकर यांच्या लशीची. गोचीड उडत नाही की धावत नाही. गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून ती वाट बघत बसते. तिचं नाक त्या पायांतच असतं. माणसाचा वास आला की ती चिकटते आणि रक्त पिता पिता तापाचा विषाणू त्याच्या अंगात सोडते. विषाणूवरच्या लशी एकामागून एक हरल्या, तेव्हा शर्वरीबाईंनी विषाणूचा नाद सोडला आणि वासाच्या मागे लागल्या. घाम मुळात जवळजवळ बिनवासाचाच. त्याला वास आणतात ते कातडीवरचे जंतू. या लशीनं शरीर त्या जंतूंना वैरी मानायला शिकायचं आणि घामावाटेच त्यांचा फडशा पाडायचं. लशीचं नाव निर्गंधा. ती टोचलेला माणूस गोचिडीच्या लेखी दगड होता.

मेच्या सुरुवातीला एका दुपारी सगुणा वरक पोराला छातीशी धरून शर्वरीबाईंच्या डोंगरातल्या प्रयोगशाळेत आली. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस तापानं तिचा नवरा गेला, तेव्हा आपल्याला दिवस गेलेत हे तिलाही ठाऊक नव्हतं. गरोदर बायांना लस देत नसत, म्हणून तिला ती बाळंतपणानंतर दीड महिन्यानं मिळाली. पोर आता अडीच महिन्यांचं होतं आणि त्याच्या गालाची हाडं दिसत होती.

"चार दिस झालं, बिरू प्याला न्हाई," ती म्हणाली.

"डब्याचं दूध?"

"ओकतोय. तालुक्याला नळीनं पाजलं. नळी काढली की पुन्हा त्येच. सुई टोचून घेतल्यापासनं माझ्याकडनं तोंड फिरवतोय, डाक्टरबाई. परक्याच्या मांडीवर टाकल्यागत रडतोय."

एवढ्या उन्हात तिनं एक मळकं लुगडं खांद्यावरून गुंडाळून घेतलं होतं. शर्वरीबाईंनी विचारलं, "हे काय पांघरलंस?"

"बाळंतपणातलं हाय. धुतलं नव्हतं." सगुणा खाली बघत बोलत होती. "रेडकू मेलं की त्येच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीम्होरं ठेवत्यात. मग ती पान्हा सोडती. म्हटलं, म्हस फसती तर पोरबी फसंल. माझंच कातडं पांघरलं मी. धा दिस प्याला. आता ह्येचाबी वास सरला."

निर्गंधाची चाचणी झाली होती ती शहरातल्या तगड्या पुरुषांवर. ताप आला का, सूज आली का, चक्कर आली का, सगळं विचारून झालं होतं. तुमचं मूल तुम्हाला ओळखतं का, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. आणि तो तक्ता त्यांनी स्वतः आखला होता.

"माझा वास परत द्या."

"शरीर एकदा शिकलं की विसरत नाही गं. लशीचा गुणच तो."

"तुमीच शिकवलंत न्हवं? मग तुमीच विसरवा!"

तेवढ्यात लुगड्याच्या घडीत त्यांना काहीतरी हललेलं दिसलं. गोचीड. अजून चपटी होती, म्हणजे कुणाला चावली नव्हती. पोराच्या नाकाला न पुरणारा वास तिला पुरला होता. शर्वरीबाईंनी लुगडं ओढून काढलं आणि पत्र्याच्या डब्यात कोंबून झाकण लावलं. बिरू किंचाळायला लागला, म्हणून त्यांनी त्याला उचलून खांद्याशी घेतलं.

तो गप्प झाला. मानेत नाक खुपसून हुंगत ओठांनी त्यांच्या गळ्याशी चाचपू लागला.

सगुणा बघत राहिली. "तुमी सुई न्हाई घेतली?"

"इथं गवतातल्या गोचिडी मोजाव्या लागतात. त्यांना जवळ बोलवायला वासाचं माणूस लागतं. म्हणून मी..." शर्वरीबाईंना लाज वाटली.

"मग तुमची ओढणी द्या."

"सगुणा, तिलाही गोचिडी येतील. निर्गंधा तापाशी लढत नाही, तुला नुसती लपवते. ही घेऊन गवतातून गेलीस तर..."

"मग घराकडं दुसरी वाट कुठं हाय?"

सकाळपासून घामानं भिजलेली ओढणी शर्वरीबाईंनी काढून दिली. दुसरं काय द्यायचं हे त्यांना सुचलं नाही. सगुणानं ती छातीभोवती घट्ट लपेटली, पोराला घेतलं आणि भिंतीकडे वळून बसली. थोडा वेळ चुळबुळ, मग चुटूचुटू आवाज. शर्वरीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"प्यायला लागला," त्या म्हणाल्या.

"व्हय." सगुणानं मान वळवली नाही. "दूध माझं. पर पितोय तुमास्नी."

पोर झोपल्यावर ती उठली. दारात थांबून तिनं ओढणीचं टोक नाकाशी धरलं, बराच वेळ हुंगलं.

"आठ दिसांनी येते. दुसरी काढून ठेवा," ती म्हणाली. "आन् धुऊ नका."

ती गवतातल्या वाटेनं निघाली. ओसरीवर आणखी दोघी पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगुणाच्या अंगावरची ओढणी पाहिली, आणि उठून आत आल्या.