कोनाड्यातली साखर

"मधुरिमा, आता पानदानही गेलं. तू ये. वर्दीत आलीस तरी चालेल."

लीलाकाकूंनी एवढंच सांगून फोन ठेवला. सब-इन्स्पेक्टर मधुरिमा चहा तसाच टाकून उठली. पोतनीसांच्या घरातून फोन यावा हीच नवलाची गोष्ट होती. तन्वी गेल्यापासून तिकडून कुणी बोलावलं नव्हतं, आणि आपणहून जिना चढायची मधुरिमाची छाती झाली नव्हती. चोरांच्या मागं धावणारी ही बाई मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीला मात्र घाबरत होती.

तन्वी, लीलाकाकूंची लेक, तिची शाळेपासूनची मैत्रीण. गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि पोरगी हातची गेली. इंदूरच्या मल्हारगंजातलं ते घर तिनंच सजवलं होतं, तेही दुसऱ्यांनी वापरलेल्या वस्तूंनी. दुकानातलं कोरं करकरीत तिला आवडायचं नाही. कुणाकडं घर बदलायची आवराआवर चाललीय असं कळलं की स्वारी तिथं हजर. चहा प्यायची, वस्तूची सगळी हकिगत ऐकायची, पोटभर घासाघीस करायची आणि वस्तू मांडीवर सांभाळत स्कूटरवरून घरी यायची. तिच्यासाठी भिंतीत कोनाडे करून घेतले होते, एकेका वस्तूला एकेक.

आता त्यातले बरेच कोनाडे रिकामे होते.

"काय काय गेलं, काकू?"

"आधी पितळी डबा. मग तांब्याची कळशी, मग बरणी. आणि आज पानदान." काकू एकेका कोनाड्याकडं बोट दाखवत होत्या. "तिच्या वस्तू आहेत गं. माझ्याजवळ तिचं दुसरं काय उरलंय?"

तिच्या. नाव काकूंनी घेतलं नाही. भिंतीवर फोटोही नव्हता.

"कुलूप तुटलं होतं?"

"नाही. शाबूत."

"घर रिकामं कधी असतं?"

"बुधवारी मी बडा गणपतीच्या देवळात जाते. चोरी नेमकी बुधवारीच होते बघ."

"आणि काका?"

गजाननकाका खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मी जरा पाय मोकळे करायला जातो. घरात रामकन्या असते."

रामकन्या म्हणजे घरकाम करणारी बाई. काकूंनी आवाज खाली आणला. "तिला मी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय."

मधुरिमा भिंतीपाशी गेली. लंबकाचं जुनं घड्याळ जागच्या जागी टिकटिकत होतं. नक्षीदार चौकटीचा मोठा आरसाही जागेवर होता. सगळ्यात किमती वस्तू याच दोन, आणि चोरानं त्यांना हात लावला नव्हता. पानदानाच्या कोनाड्यात तिनं बोट फिरवलं. कोपऱ्यात एक इवलीशी पितळी डबी होती, पानदानातलीच, चुन्याची. तिच्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती.

तिनं एक कण जिभेवर ठेवला. साखर. बाजूच्या रिकाम्या कोनाड्यांतही मुंग्या होत्या.

"इथं झाडलोट होत नाही का, काकू?"

"कोनाड्यांना मी कुणाला हात लावू देत नाही. मीही लावत नाही. लावला की..." काकूंनी पदर तोंडाशी नेला आणि त्या आत निघून गेल्या.

रामकन्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. डोळे सुजलेले.

"बुधवारी काकू देवळात गेल्या की तू काय करतेस?"

"कपड़े सुखाने छत पे जाती हूँ, मॅडमजी. नीचे आओ तो घर में कोई नी. मेरे बच्चों की सौगन, मैंने कुछ नी लिया." तिनं ताट आपटलं. "शक्कर का डिब्बा जल्दी खाली होता है, उसका भी शक मेरे पे. इस घर की बिटिया मेरे को भाभी बोलती थी. उसका सामान मैं चुराऊँगी?"

"साखर कधीपासून लवकर संपतेय?"

"येई कोई महीने भर से."

तन्वीचा धाकटा भाऊ मुकुल गच्चीवर सापडला. मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"काकू सांगत होत्या, या वस्तूंना तू कबाड म्हणालास?"

"म्हणालो. दीदी, मेरे को सहन नाही होत यार. जिकडं बघा तिकडं ती." त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "पण घेतल्या मी नाहीत. घ्यायच्या असत्या तर आईसमोर उचलून फेकल्या असत्या."

"काका कसे आहेत?"

"पप्पा तर उलट जरा बरे आहेत. वर्षभर स्कूटर धूळ खात पडली होती, ती काढली, सर्व्हिसला दिली. मेकॅनिक बोलला, भिया, एकदम नवी झाली. बुधवारी तर पप्पा नीट जेवतात पण. बाकी दिवस नुसता भात चिवडत बसतात."

मधुरिमा निघाली तेव्हा काकूंनी तिला दारात थांबवलं. "तुझ्या आईचा डबा राहिलाय. त्या दिवसांत तिनं वरणभात पाठवला होता." त्यांनी डब्यात मूठभर शेव घातली.

"अहो काकू, शेव कशाला?"

"भांडं रिकामं परत देऊ नये गं. एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

मधुरिमा डबा हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली. मग भराभर जिना उतरली.

पानदान कुठून आलं ते तिला माहीत होतं. जुनी इंदूर या वस्तीत गल्लीच्या तोंडाशी कमलजी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई राहतात. त्यांची हकिगत तन्वीनं तिला इतक्यांदा ऐकवली होती की तोंडपाठ झाली होती. तिथं मधुरिमानं काय पाहिलं, काय ऐकलं, ते पुढं येईलच. कमलजींचा जिना उतरल्यावर बाइकला किल्ली लावायला तिला बराच वेळ लागला, एवढं मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना कोनाड्यांसमोर बसवलं. रामकन्यालाही बोलावून घेतलं.

"आधी एक गोष्ट. रामकन्यानं काही चोरलेलं नाही. या घरात चोर आलाच नाही."

"मग वस्तूंना काय पाय फुटले?" काकू म्हणाल्या.

"सांगते. घड्याळ आणि आरसा सोडून डबा, कळशी, बरणी कोण नेईल? ज्याला वस्तू स्कूटरवर पायाशी ठेवून न्यायची आहे तो. ही एक गोष्ट. दुसरी, ही साखर. भांडं साखरेनं भरून मग पळवणारा चोर मी अजून पाहिला नाही. पानदानात साखर नीट मावावी म्हणून त्यानं ही चुन्याची डबी काढून ठेवली, आणि घाईत ती इथंच राहिली. भांडं भरून कोण देतं, काकू?"

काकूंचे ओठ हलले. "परत करणारा."

"हो. पण तुम्ही भरलं असतं तर एक कण सांडला नसता. रामकन्याच्या हातून सांडलं असतं तर तिनं तिथल्या तिथं पुसलं असतं. मुकुलला साखरेचा डबा कुठं असतो हेच माहीत नाही. ज्यानं जन्मभर तुमच्या तोंडून हा रिवाज ऐकला, पण आपल्या हातानं कधी भांडं भरलं नाही, असा एकच माणूस या घरात आहे."

घड्याळाचा लंबक तेवढा हलत होता.

"तन्वी प्रत्येक वस्तू मांडीवर घेऊन स्कूटरवरून यायची."

ते नाव उच्चारलं गेलं तशा काकू चटका बसल्यासारख्या दचकल्या. पण मधुरिमा थांबली नाही.

"मांडीवर, काकू. म्हणजे ती मागं बसायची. स्कूटर दुसरं कुणी चालवायचं. ती सगळी घरं त्याला माहीत होती. काका, पानदान तुम्ही नेलंत."

गजाननकाकांनी हातातलं वर्तमानपत्र बारीक घडी होईपर्यंत दुमडलं.

"तुम्ही?" काकू उभ्या राहिल्या. "तुम्ही वाटून टाकल्यात तिच्या वस्तू? त्या गरीब बाईवर मी आळ घेतला आणि तुम्ही इथं बसून पेपर वाचत होता?"

"चुकलं माझं," काका पुटपुटले.

"का पण? का?"

मधुरिमालाच सांगावं लागलं. "मी कमलजींकडं जाऊन आले. पानदान त्यांच्या खिडकीत आहे, साखरेसकट. मला म्हणाल्या, तन्वी बिटिया ने भेजा. बोली, आपकी निशानी है, आपके पास रहे. कितना ध्यान रखती है. उससे कहना, कभी मिलके जाए."

ती काकांकडं वळली.

"त्यांना माहीत नाही, लीला," शेवटी काका बोलले. "त्या घरांमध्ये कुणालाच माहीत नाही. दार उघडलं की पहिला सवाल, तन्वी कैसी है? मी म्हणतो, मजे में है. मग त्या सांगत सुटतात. ती किमतीवरून कशी भांडली, चहात बिस्किट बुडलं तेव्हा कशी हसली. मी ऐकत बसतो." त्यांनी चष्मा काढला. "इथं तिचं नाव काढलं की तू उठून आत जातेस. मुकुल गच्चीवर जातो. वर्षभर या घरात तिच्याबद्दल एक शब्द कुणी बोललं नाही. मला ऐकायचं होतं गं. उगीच कुणाच्या दारात कसं जाणार? हातात काही निमित्त नको का?"

मुकुल भिंतीकडं तोंड करून उभा होता. रामकन्या उघडउघड रडत होती.

काकू मात्र रडल्या नाहीत. त्या नवऱ्याकडं वळल्या.

"म्हणजे तिकडं ती आहे," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी तुमच्यासाठी ती आहे. आणि मी इथं एकटीच तिला मेलेली घेऊन बसले. मला नाही न्यावंसं वाटलं?"

काकूंनी रामकन्याचा हात धरला, उद्या ये म्हणाल्या, माझी चूक झाली म्हणाल्या. मग कोनाड्यातली चुन्याची डबी उचलून मुठीत घट्ट धरली.

पुढच्या बुधवारी काकू बडा गणपतीला गेल्या नाहीत. त्यांनी डबी घासूनपुसून लख्ख केली, तिच्यात साखर भरली, झाकण लावलं. एक कण सांडला नाही. मग नवऱ्याच्या मागं स्कूटरवर बसल्या. डबी मांडीवर.

मधुरिमालाही त्यांनी सोबत बोलावलं होतं. जुनी इंदूरमधला तो जिना चढताना काकूंनी बजावलं, "एक सांगून ठेवते. मी खोटं बोलणार नाही. खरं काय ते सांगून टाकणार, एकदाच."

काकांनी नुसती मान हलवली.

दार कमलजींनीच उघडलं. त्यांनी काकांकडं पाहिलं, मग काकूंकडं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, आप तन्वी की मम्मी! बताने की जरूरत ही नहीं, वही आँखें. बिटिया कैसी है?"

मधुरिमानं खाली पाहिलं. काकूंनी डबीचं झाकण अंगठ्यानं दाबून धरलं होतं.

"मजे में है," काकू म्हणाल्या.

त्यांनी डबी कमलजींच्या हातात ठेवली आणि खोलीभर नजर फिरवली. "वो आई थी, तब कहाँ बैठी थी?"

कमलजींनी खिडकीपाशी ठेवलेला वेताचा मोढा दाखवला. काकू जाऊन त्यावर बसल्या. त्याच्या काठावरून त्यांनी हळूच हात फिरवला.

"अब बताइए," त्या म्हणाल्या. "शुरू से."