आबांनी माझ्यासाठी ठेवलेले डोळे

त्या दिवशी मी चंदगडहून कोल्हापूरला आले, ती आबांचा बॅनर पुरा करायला.

आबा म्हणजे माझे वडील, आकाराम पेंटर. सिनेमाचे बॅनर रंगवण्यात हयात गेली. फ्लेक्स आला, टॉकीज बंद पडलं, तरी हा माणूस काही सुधारला नाही. टॉकीजच्या मालकांनी ते आठवडाभर उघडून एक जुना चित्रपट पुन्हा लावायचं ठरवलं, तेव्हा आजारपणातही त्यांनी बॅनर हाती घेतला. नायिकेचा मजलाभर उंच चेहरा झाला, डोळे तेवढे राहिले. डोळे ते नेहमी बॅनर चढवायच्या दिवशी काढायचे, आणि तेव्हा बांबूच्या परांचीवर कुणाला पाय ठेवू देत नसत. मी लहानपणापासून रंग घोटले, अक्षरं भरली, साडीच्या निऱ्या रंगवल्या. डोळ्यांचं नाव काढलं की म्हणायचे, पोरीच्या जातीचं काम नव्हं ते. आणि तेच आबा मरायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, "क्रांते, डोळं तू काढायचंस. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नगंस." मी ढसाढसा रडले. जन्मभर या एका वाक्याची वाट बघितली होती हो मी.

टॉकीजमागच्या पत्र्याच्या शेडला बाहेरून कुलूप होतं. भर दुपार. आतून मात्र आवाज येत होता... टक्... टक्... कुणीतरी ब्रश डब्याच्या काठावर आपटत होतं. फटीतून टर्पेंटाइनचा ताजा वास येत होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सम्राट! डोळ्याला हात लावू नगंस, सांगून ठेवते!"

"कुणावर वरडाय लागलीयास, आक्का?"

माझा धाकटा भाऊ सम्राट माझ्या मागे उभा होता. हातात शेडची किल्ली.

"आत कोण हाय मग?"

"कोण असणार? किल्ली तर माझ्याजवळ हाय की..."

टक् थांबलं. त्यानं कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. भिंतीला टेकलेल्या बॅनरवर डोळे होते. मी परांचीवर चढले, बोट लावलं. काळा रंग बोटाला आला.

"तूच काढलंस!"

"आईशप्पत न्हाय, आक्का. मला सरळ रेघ तरी येती का?"

खरं होतं ते. आणि पापणीचा तो झुकाव, बुबुळातला तो तिरका पांढरा ठिपका... तो हात मी ओळखणार नाही? भीती नंतर वाटली. आधी पोटातून राग आला. मेल्यावरही माझ्यावर भरवसा नव्हता ना, आबा? शब्द दिलात, आणि मी पोचायच्या आत येऊन मोडलात.

संध्याकाळी बॅनर टॉकीजवर चढला. बॅनरच्या डोळ्यांचं कसब असं, की रस्त्यात कुठंही उभं राहा, बाई तुमच्याकडेच बघते. खाली गर्दीत जो तो म्हणत होता, "माझ्याकडंच बघतीया की!" सम्राट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. "नजर हालत न्हाय गं अंगावरनं..."

मी समोर जाऊन उभी राहिले. मग डावीकडे. मग उजवीकडे.

"आबा," मी हळूच म्हणाले, "एकदा तरी माझ्याकडं बघा..."

मी मोबाईलवर फोटो काढला आणि सम्राटपुढे धरला. "हिचं डोळं मिटल्यात की रं..."

तो फोटोकडे बघतच राहिला. मग माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "उघडं हायत की, आक्का."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मी जेव्हा जेव्हा बघते, तेव्हा त्यातल्या पापण्या मिटलेल्याच असतात.