शालिग्रामजींची तपासणी

सन एकाहत्तरच्या डिसेंबरातली सकाळ. धुकं असं दाट, की मालधक्क्यावरचे दिवे नुसते पिवळे डाग वाटत होते. नीलकंठ कारखान्याकडे जाणाऱ्या तेजाबाच्या बरण्या तपासत होता. पेंढ्यात बसवलेली काचेची मोठी बरणी बोटाच्या पेराने वाजवायची. आवाज खणखणीत आला तर खडूची एक रेघ ओढायची. बद्द आला तर बरणी ट्रकवरून उतरवायची. ही रीत त्याला धक्क्यावरचे जुने तपासनीस शालिग्रामजींनी शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी घमापूरच्या उतारावर बरणी फुटली, तेव्हा लोकांना मागे ढकलता ढकलता त्यांचा जीव गेला.

"चलो भैया," ड्रायव्हर बापू ओरडला. "तिकडे लढाई चालू, अन् तू इथं जलतरंग वाजवून राहिला!"

नीलकंठ हसला. घाईत त्याने शेवटच्या ओळीवर न वाजवताच रेघा ओढल्या आणि ट्रकच्या मागच्या भागात, बरण्यांजवळ जाऊन बसला.

कांचघरची वस्ती मागे पडली. धुक्यात इंजिनसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखं घुरघुरत होतं. अन् मग पाठीमागून... टक. टक.

पितळी अंगठीचा आवाज. शालिग्रामजी अंगठीच्याच बोटाने वाजवायचे. शेवटची ओळ कुणीतरी सावकाश तपासत येत होतं. खणखणीत... खणखणीत...

बद्द.

जळक्या पेंढ्याचा वास आला. नीलकंठने केबिनवर मुठी आपटल्या.

"काहून थांबवलं?" बापूने मुंडकं बाहेर काढलं.

"उतार... उतार लागला काय?"

"हा काय, समोरच."

कोपऱ्यातल्या बरणीखालचा पेंढा काळा पडला होता. काचेला केसाएवढी चीर. दोघांनी श्वास धरून ती कडेच्या वाळूत उतरवली. उताराच्या पायथ्याशी, नळावर, बायकांच्या घागरी वाजत होत्या. त्या रांगेत नीलकंठची बायको हेमलता रोज उभी असायची.

संध्याकाळी तिने त्याचा कोट झटकायला घेतला.

"पाठीवर हे काय हो?"

खडूची एक सरळ रेघ.

नीलकंठचे डोळे भरून आले. "मलाही तपासलं त्यांनी," एवढंच तो बोलला.

तेव्हापासून दरवर्षी, धुक्याच्या पहिल्या सकाळी, त्याच्या पाठीवर कुणी हळूच वाजवतं. टक. टक. तो वळून बघत नाही. हात जोडून आवाज ऐकतो. इतकी वर्षं तो खणखणीत आला.

यंदा जरासा बद्द आला.

नीलकंठने हात जोडलेलेच ठेवले. "सांगितलंत... बरं केलंत," तो म्हणाला.