गल्लीवरची तार

शाळा सुटून कमल घरी निघाली होती. गल्लीच्या वळणावर वरून काहीतरी सळसळत आलं आणि तिच्या छत्रीच्या काड्यांत अडकलं. तांब्याची तार!

"हलू नका बाई! लय महागाची तार हाय!"

समोरच्या घराच्या सपाट, मातीच्या माळवदावरून बन्सीधर वाकून बघत होता. पारूबाईंचा हा एकुलता एक मुलगा सेलूच्या बाजारात कापसाच्या आडतीवर बसायचा.

"तार महागाची. आणि माझा डोळा?"

तो चपापला. "डोळा... त्याची तर किंमतच करता यायची न्हाई."

कमलला हसू आलं. ते तिनं छत्रीआड ठेवलं. हैदराबादहून बी.एस्सी. होऊन ती इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि बन्सीधरच्या घरासमोर, धुरपदाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायची.

"रेडिओसाठी का?" तिनं विचारलं.

"व्हय. आपण मुंबई राज्यात कवाच आलो, पर ह्यो गडी अजून हैदराबाद सोडंना. मुंबई लावली की नुसती खरखर."

"तार कशाला बांधली होती?"

"न्हाणीच्या पत्र्याला. म्हणलं, लोखंड हाय, धरून ठेवील."

"म्हणूनच. हवेतून येतं ते सगळं पत्रा पिऊन टाकतो. तार उंच हवी, मोकळी हवी. दोन्ही टोकांना चिनी मातीचे गोळे हवेत, तारेच्या खांबांवर असतात तसे. म्हणजे ती कशालाच टेकणार नाही."

"एक टोक आमच्या माळवदावर. दुसरं कुठं बांधू?"

कमलनं वर पाहिलं. त्याच्याच अंगणात उंच, सरळ कडुलिंब उभा होता. तो तिला स्पष्ट दिसला. तरी ती म्हणाली, "आमच्या माडीवर. धुरपदाबाईंना मी विचारते."

त्या संध्याकाळी मुंबई बोलली. पारूबाई रेडिओसमोर पदर सावरून बसल्या, जणू आत कुणी वडीलधारं माणूस होतं. मग त्यांनी कमलकडे तिरकं पाहिलं.

"मास्तरीणबाई, आमच्या दारातला लिंब काय बुटका हाय व्हय?"

"लिंब... वाऱ्यानं हलतो ना."

"हलतो खरा," पारूबाई म्हणाल्या आणि पुन्हा रेडिओकडे वळल्या.

पुढे दर चार-आठ दिवसांनी तार सैल पडू लागली. मग गल्लीपलीकडून हाक यायची, "बाई... तुमच्याकडची गाठ जरा बघता का?"

तिच्याकडची गाठ घट्टच असायची. तार कुठल्या बाजूनं सैल होते, हे तिला कळत होतं. तरी ती वर जायची, गाठीवरून बोटं फिरवायची आणि म्हणायची, "आता बघा."

"बाई, ह्या रेडिओच्या लहरी दिसत का न्हाईत?"

"प्रत्येक गोष्ट दिसायलाच हवी का?"

"दिसली असती तर बरं झालं असतं. माणसानं अंदाजावर किती दिवस काढायचे?"

कमल तारेकडे पाहत राहिली. उत्तर तिला येत होतं... पण खाली गल्ली होती, आणि गल्लीला कान होते.

मग परीक्षा संपल्या आणि वसमतहून वडिलांचा निरोप आला. सुट्टीत नांदेडच्या वकिलाशी लग्न ठरवायचं आहे, त्यांना मुलगी पसंत आहे, फक्त नोकरी सोडावी लागेल. तिला न्यायला वडील स्वतः येणार होते. धुरपदाबाईंना सांगितलं ते दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं.

त्या संध्याकाळी रेडिओ मुका झाला. दुसऱ्या दिवशीही तो बोलला नाही, आणि हाकही आली नाही.

म्हणजे त्याच्या मनात काही नव्हतंच... असं म्हणून कमलनं ट्रंक भरली. पण न बघता निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलींना ती नेहमी पुन्हा प्रयोग करायला लावायची. आणि तिनं स्वतः काय बघितलं होतं? वडील येण्याच्या आदल्या संध्याकाळी ती माडीवर गेली. गल्लीवरची तार ताठ होती. गाठही जिथल्या तिथे. म्हणजे बिघाड पलीकडे होता.

ती गल्ली ओलांडून गेली.

"या," ओट्यावरून पारूबाई म्हणाल्या. "रेडिओ रुसलाय, आन् लेकबी. त्यो वर माळवदावरच हाय."

शिडी चढताच तिला कारण दिसलं. पावसाळ्याआधी माळवदावर घालतात ती पांढरी माती गड्यांनी पसरून, पाणी मारून चोपली होती. खांबावरून उतरून खिडकीकडे जाणारी उघडी तार तिच्याखाली गाडली गेली होती. ओली माती सगळं पिऊन टाकत होती. बन्सीधर जवळच गुडघे धरून बसला होता.

"तार मातीखाली गेलीय. तुम्ही बघितलंसुद्धा नाही?"

"मला वाटलं, तुमीच तिकडून सोडली. तिकडं बघायचा धीरच झाला न्हाई. नांदेडचं कळलं आन् त्याच सांजंला आवाज बंद. मग कोणत्या तोंडानं हाक मारू?"

"गाठ सोडायची सवय मला नाही. ती या बाजूला आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. "कळत व्हतं तुमाला?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर गाठ सुटायची थांबली असती."

दोघं खाली बसून हातांनी माती उकरू लागले. तार हाताला लागली. शेवटी तो म्हणाला, "उद्या तुमच्या वडिलांना गाठायला मी स्टेशनवर जातो. बोलतो त्यांच्याशी."

"आधी मला सांगा. त्यांना नंतर."

बन्सीधरनं मातीनं माखलेले हात मांडीवर ठेवले. "तुमची शाळा सोडा म्हणणार न्हाई. कधीच न्हाई. आमच्या घरात... माझ्या घरात याल का?"

कमलनं हातातली माती झटकली. उत्तरात तिला एवढासाही संदिग्धपणा नको होता.

"येईन. नांदेडला नाही म्हणून मी स्वतः सांगते."

शिडीच्या पायथ्याशी बांगड्या वाजल्या.

"मास्तरीणबाई," खालून पारूबाईंचा आवाज आला, "तुमचे वडील चहा गुळाचा घेतात का साखरेचा? उद्या आधी इकडंच घेऊन येऊ त्यांना."

कमलनं बन्सीधरकडे पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गुळाचा!"