शनिवारी निघालेली गाडी

ड्यूसबुर्गच्या पोलाद कारखान्यात बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला गावचा रस्ता काय विचारायचा! झोपेतून उठवलं असतं तरी हालितनं सांगितला असता. म्युनिक, ग्राझ, बेलग्रेड, सोफिया, एदिर्ने, अंकारा, की आलंच मालात्या. पावणेचार हजार किलोमीटर. दर जुलैत जायचंच. तरी यंदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा तीन आठवडे पसरलेला होता, आणि नवराबायको त्याच्या कडेला ताटल्या ठेवून जेवत होते.

"अरे, लग्नपत्रिका आहे का ती, रोज उघडून बघायला?" शेजारचे शाबानदादा म्हणायचे. "एवढ्या दिवसांत माणूस चालत पोचला असता."

हालित हसायचा नाही. यंदा गावी जाऊन म्हाताऱ्या वडलांना सांगायचं होतं, की तुमची नात योंजा फेब्रुवारीत मेंदूज्वरानं गेली. आठ वर्षांची पोर. तेव्हा गावचा रस्ता बर्फाखाली होता, म्हणून तिला इथंच पुरली. असली बातमी फोनवरून द्यायची नाही, समोर बसून, हात हातात घेऊन द्यायची, ही त्यांच्याकडची रीत. त्यामुळे पाच महिने 'योंजा शाळेत गेलीय', 'योंजा झोपलीय' असं चाललं होतं. सुरुवातीला हालितची जीभ अडखळायची. आता अडखळत नव्हती, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं. कढत चहाचा चटकासुद्धा तोंडाला जाणवत नव्हता. त्याची बायको नेरमिन कामापुरतं बोलायची, तेही कमी होत चाललं होतं.

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. निघाले नाहीत. हालित म्हणाला, टायर एकदा बघून घेतो. टाळायचं म्हटलं की माणसाला शंभर कामं सुचतात.

रविवारी दुपारी त्यानं गावी फोन लावला.

"बाबा, आमचं निघणं जरा लांबलंय."

"म्हाताऱ्याची चेष्टा करतोस होय रे?" वडील भलतेच खुशीत होते. "सकाळीच तर ग्राझहून बोललास! आणि गाडी जरा हळू हाक. पोरगी तक्रार करत होती."

"कोण पोरगी?"

"घ्या! कोण म्हणजे? तुला किती पोरी आहेत? योंजा!"

हालितनं हे शाबानदादांना सांगितलं. ते मिशी चोळत म्हणाले, "ऐंशीला टेकलेला माणूस. वाट बघून बघून मनाचे खेळ होतात रे. तू नीघ बाबा. उद्याच्या उद्या नीघ."

पटण्यासारखं होतं. हालितनं पुन्हा नकाशा पुढ्यात ओढला. बेलग्रेडला उकाडा फार, म्हणून तिथला मुक्काम खोडरबरनं पुसला आणि पुढं नीशपाशी पेन्सिलीनं लिहिला. नेरमिन तेव्हा खाली कपडे वाळत घालत होती. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्यानं सांगितलंही नाही. सोमवारही तसाच गेला.

मंगळवारी त्यानं पुन्हा फोन लावला. उद्या नक्की निघतो म्हणायचं होतं.

"एदिर्नेला पोचलात म्हणजे आता घरीच आलात," वडीलच बोलत सुटले. "योंजा म्हणत होती, यंदा बेलग्रेडला थांबलोच नाही, नीशला झोपलो. बरं केलंस. तिथं गारवा असतो."

हालितनं नकाशाकडं पाहिलं. पुसलेल्या जागी खोडरबरचा चुरा अजून पडलेला होता. खिडकीतून खाली पाहिलं. गाडी दारातच उभी होती, काचेवर झाडाचा पाला साचलेला. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

"बाबा, योंजा..."

"हो रे हो, तुझ्या मागंच ओरडतेय, ऐकू येतंय मला. तिला आधी पाणी दे."

स्वयंपाकघरात चिटपाखरू नव्हतं.

दोन दिवस त्यानं फोनला हात लावला नाही. गुरुवारी दुपारी मात्र ठरवलं, रीत गेली खड्ड्यात. आज फोनवरच सांगून टाकायचं.

पलीकडून वडील कुजबुजले. "हळू बोला. पोरगी आत्ताच झोपलीय. कोण पाहिजे?"

"बाबा, मी हालित."

"हालित अंगणात आहे. टपावरचं सामान सोडतोय. आपण कोण?"

हालितनं फोन कानाशी आणखी दाबला. सांगायचं ते राहूनच गेलं.

पलीकडं कुणीतरी दोरीची गाठ सोडता सोडता खोकत होतं. कारखान्याच्या धुळीचा खोकला. हालितनं आपलाच खोकला ओळखला.

मागून नेरमिनचा आवाज आला. कित्येक दिवसांनी.

"विचारा ना, जेवली का ती."

त्यानं विचारलं.

"जेवली की," वडील म्हणाले. "तिच्या आईनं मांडीवर घेऊन भरवलं. आपल्याच झाडाचे जर्दाळू, एकेक फोडून."

फोन बंद झाला. हालित मागं वळला.

नेरमिन ओट्यापाशी उभी राहून उजव्या हाताची बोटं हातपुसण्याला पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती. बोटांचा चिकटा निघत नव्हता.

घरात आठवडाभर फळ म्हणून आलेलं नव्हतं.